वाचकांचे प्रश्न : घरची मिरची आणि ताटातले तिखट

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मिरचीविषयी आहेत, आणि खान्देशातील वाचकांकडून ती यावीत हे स्वाभाविकच आहे. नंदुरबारच्या पथारींवर हिवाळ्यात पसरलेली लाल मिरची ज्यांनी पाहिली आहे आणि ज्यांच्या घरी भाकरीबरोबर ठेचा नसेल तर जेवण अपुरे वाटते, त्यांना आपल्या गच्चीवर चार रोपे असावीत असे वाटणारच. पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे पुढे देत आहे. एकाच विषयावरील पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही जळगावात गच्चीवर कुंड्यांत मिरची लावली आहे. रोपे फेब्रुवारीत आणली, ती जोमाने वाढली आणि एप्रिलपासून फुलांनी भरून गेली; परंतु एकही मिरची धरली नाही, सगळी फुले गळून पडतात. दुकानदाराने फूलगळीसाठी एक औषध दिले आहे. ते फवारावे का?

औषध तूर्त बाजूला ठेवावे, कारण आपल्या झाडाला रोग झालेला नाही, त्याला ऊन सोसवत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले आणि रात्रही पुरेशी थंड होईनाशी झाली की मिरचीच्या फुलातील परागकण निकामी होऊ लागतात, फलधारणा होत नाही आणि झाड ते फूल देठापासून सोडून देते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात सिमेंटची गच्ची दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे गच्चीवरच्या झाडाला शेतातल्या झाडाइतकीही थंड रात्र मिळत नाही. फूलगळीसाठी मिळणाऱ्या औषधांत बहुधा नॅप्थलीन ॲसेटिक ॲसिड हे संजीवक असते. शेतकरी ते ठरलेल्या सूक्ष्म मात्रेत वापरतात, परंतु घरी चार कुंड्यांसाठी मोजमाप थोडे चुकले तरी फुलांबरोबर पानेही गळतात, आणि ४४ अंशांच्या उन्हात निकामी झालेला परागकण कोणत्याही फवारणीने पुन्हा कामाचा होत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आपल्या भागात मिरचीच्या झाडाकडून फळाची अपेक्षा ठेवूच नये. त्या काळात ते जगवणे एवढेच आपले काम असते. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवाव्यात आणि एकमेकींना चिकटून मांडाव्यात, म्हणजे त्यांची सावली एकमेकींवर पडते. वर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी. कुंडीच्या बाहेरून ओले गोणपाट गुंडाळले तर मुळांना फार आराम मिळतो, कारण उन्हाळ्यात पानांच्या आधी कडेची मुळेच भाजून निघतात. मातीवर आच्छादन हवेच, आणि त्यासाठी आपल्याकडे केळीची वाळलेली पाने किंवा शेंगांची टरफले सहज मिळतात. पाणी सकाळी लवकर द्यावे आणि संध्याकाळी माती बोटभर खोल चाचपून गरज असेल तरच पुन्हा द्यावे. या काळात युरिया किंवा कोणतेही नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने कोवळा पाला वाढतो आणि पाण्याची मागणीही वाढते.

झाड उपटू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मिरचीचे झाड थंडी-दवापासून वाचले तर एकापेक्षा अधिक वर्षे जगते. पहिले चांगले पाऊस झाले की फांद्या वरून साधारण एक तृतीयांश छाटाव्यात, मातीत दोन-तीन मुठी कुजलेले शेणखत मिसळावे, आणि श्रावणात त्याच झाडावर धरलेल्या मिरच्या पाहाव्यात. पुढील वर्षापासून मात्र फेब्रुवारीत रोपे आणू नयेत. घरच्यासाठी दोन हंगाम सोयीचे आहेत. मेअखेर किंवा जूनच्या आरंभी बी टाकून, रोपे वीतभर झाली की जुलैत कुंडीत लावावीत, म्हणजे गणपतीनंतर तोडा सुरू होऊन थंडी संपेपर्यंत चालतो. किंवा सप्टेंबरमध्ये बी टाकून ऑक्टोबरअखेर लावावीत, म्हणजे जानेवारी ते मार्च मिरच्या मिळतात.

प्रश्न : शेतातली काळी माती कुंडीत भरली तर चालेल का? (धुळे)

नुसती काळी माती भरू नये. तापीकाठची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळून मुळे तोडते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण करावे. कुंडी निदान दहा-बारा इंच खोल असावी आणि तिच्या तळाची छिद्रे मोकळी असावीत. रोपे लहान असताना जमिनीलगत काळी पडून कोलमडतात ती पाणी साचल्यामुळे वाढणाऱ्या बुरशीने. त्यावर उपाय म्हणजे पाणी कमी देणे आणि बी दाट न टाकणे.

प्रश्न : शिरपूरजवळ आमचे घर आहे. परसात दहा-बारा मिरच्यांची झाडे आहेत आणि सर्वांची पाने आकसून वाकडी झाली आहेत. सगळे म्हणतात की बोकड्या आला. शेतात कपाशीवर जे कीटकनाशक मारतो तेच मारू का?

कृपया मारू नका. परसातली मिरची आपण आज तोडून आजच ठेच्यात घालतो. कपाशीसाठीचे औषध आणि तोडणी यांत जितक्या दिवसांचे अंतर ठेवणे आवश्यक असते तितके स्वयंपाकघराला लागून असलेल्या झाडावर कोणीच पाळत नाही. शिवाय बोकड्या किंवा चुरडा-मुरडा या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, म्हणून आधी पान हातात घेऊन नीट पाहावे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर ते फुलकिड्यांचे काम असते. पांढरा कागद फांदीखाली धरून ती हलकेच झटकली की त्यावर चिमुकले, लांबट, चालणारे किडे दिसतात. कोरड्या आणि उष्ण हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पानाच्या कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद आणि जाडसर झाले असेल, देठ लांबले असतील, तर कोळी आहेत असे समजावे. ते इतके सूक्ष्म असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि दमट, उबदार हवेत अधिक त्रास देतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. नवी पाने लहान लहान येतात, शिरा जाड आणि फुगीर दिसतात, पेरे जवळ जवळ येऊन झाडाचा शेंडा झुडपासारखा गुच्छेदार होतो आणि वाढ थांबते. हा विषाणू असतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. आपल्याकडे चहूकडे कपाशी असते, पांढरी माशी आणि फुलकिडे दोन्ही कपाशीवर सुखाने राहतात, आणि कपाशीचे पीक निघू लागले की ते हिरवळीच्या शोधात परसापर्यंत येतात. म्हणून आपल्या झाडांवर अचानक आलेल्या दुखण्याचे मूळ बहुधा शेजारच्या शेतात असते.

पहिल्या दोन प्रकारांत झाड वाचते. सकाळी पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या खालच्या बाजूला मारावा, फार चुरगळलेले शेंडे खुडून जाळून टाकावेत आणि निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळून घ्यावे आणि त्यात थोडेसे साबणाचे पाणी घालून ऊन उतरल्यावर फवारावे. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा हे केले की नवे शेंडे सरळ निघू लागतात. जुनी वाकडी पाने मात्र सरळ होत नाहीत, त्यामुळे ती पाहून पुन्हा पुन्हा फवारू नये. कोळी असल्याची खात्री असेल तर पाण्यात विरघळणारे गंधक वेष्टनावरील प्रमाणात वापरता येते, परंतु कडक उन्हाच्या दिवसांत नाही, कारण त्याने पाने करपतात.

तिसऱ्या प्रकारावर औषध नाही. ते झाड मुळासकट उपटून नष्ट करावे. त्याला फुले लागलेली असतात, आपण त्याला महिनोन्महिने पाणी घातलेले असते, आणि तरीही ते उपटावे लागते, कारण ते उभे आहे तोवर उरलेल्या झाडांना त्याच्यापासून धोका आहे. पुढच्या वेळी रोपे वाफ्यात असतानाच त्यांच्यावर बारीक जाळी किंवा जुनी पातळ ओढणी ताणून बांधावी. कोवळ्या वयात माशीपासून वाचलेले रोप पुढे बरेच सोसू शकते. झाडांच्या उंचीवर चिकट सापळे टांगावेत, पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे.

प्रश्न : माझ्या कुंडीतल्या मिरच्या दिसायला सुरेख आहेत, पण सासूबाई म्हणतात की ठेच्याला चव येत नाही, मिरची फिकी आहे. शेजारच्याच कुंडीत ढोबळी मिरची आहे. तिच्यामुळे तिखटपणा गेला असेल का? (भुसावळ)

ढोबळी मिरचीचा यात काहीही दोष नाही. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन आणि त्याच्या भाऊबंद द्रव्यांमुळे येतो, आणि ही द्रव्ये बियांत तयार होत नाहीत. ज्या पांढुरक्या गराला बिया चिकटलेल्या असतात त्या गरात ती तयार होतात; बिया त्याला लागून असल्यामुळे तिखट लागतात इतकेच. हा गर आईच्या झाडाचाच भाग असतो. त्यामुळे शेजारून कोणाचेही परागकण आले तरी यंदाच्या मिरचीच्या तिखटपणात फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या मिरचीचे बी काढून लावल्यावर पुढच्या पिढीत.

मग मिरची फिकी का? पहिले कारण वाण. आपल्या बाजारात भरितासाठी आणि भाजीसाठी जी लांब, पोपटी मिरची मिळते ती मुळातच सौम्य असते, आणि रोपवाटिकेत पुष्कळदा तिचीच रोपे विकली जातात. ठेच्यासाठी तिखट वाणच मागून घ्यावे. लवंगी मिरची आकाराने लहान परंतु चांगली तिखट असते आणि कुंडीत छान येते. पुसा सदाबहारच्या मिरच्या झुपक्याने, आभाळाकडे तोंड करून लागतात आणि हे झाड बरेच टिकते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले ज्योती हे वाणही झुपक्याने फळ देते. ज्वाला पोपटी, सुरकुतलेली आणि चवीला खमंग. ब्याडगी रंगासाठी प्रसिद्ध आहे, तिच्याकडून जहाल तिखटाची अपेक्षा करू नये.

वाण योग्य असूनही मिरची फिकी येत असेल तर ऊन, पाणी आणि खत पाहावे. मिरचीला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवे. दर दोन-चार दिवसांनी नत्राचे खत घातलेले आणि सदैव ओल्या मातीत उभे असलेले झाड हिरवेगार आणि मोठ्या फळांचे होते, पण तिखटात कमी पडते. फळे धरल्यानंतर वरची माती सुकू द्यावी, पाने किंचित मलूल दिसू लागली की मग पाणी द्यावे. मात्र झाड कोमेजून पडेपर्यंत तहानलेले ठेवू नये, नाहीतर फुले गळतील आणि फळांची टोके काळी पडतील. तोडणीची घाई हेही एक कारण असते. फूल गळून फळ धरल्यानंतर पहिले काही आठवडे तिखटपणा वाढत जातो, म्हणून कोवळी, लुसलुशीत मिरची तोडून तिच्याकडून ठेच्याचा झणका मागणे योग्य नाही. मिरची गडद हिरवी, चकचकीत आणि हाताला कडक लागली की तोडावी. आपल्या सासूबाईंची जीभ बरोबर सांगते आहे, तिच्यावर विश्वास ठेवून वाण बदलावे.

प्रश्न : घरच्या लाल मिरच्या वाळवल्या तर काही पांढुरक्या पडतात आणि काहींच्या आत काळे दिसते. त्या तिखटात चालतील का? (दोंडाईचा)

आत काळे किंवा राखाडी दिसणाऱ्या मिरच्या निःसंकोच फेकून द्याव्यात. ती बुरशी असते आणि काही बुरश्यांतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते, जे भाजल्याने किंवा तळल्याने पुरते नाहीसे होत नाही. पांढुरक्या पडलेल्या मिरच्या बहुधा अर्धवट पिकलेल्या असताना तोडलेल्या असतात, म्हणून मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी. तोडल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसावी, एखादा दिवस सावलीत पसरावी आणि मग बाजेवर स्वच्छ कापड घालून उन्हात टाकावी. रात्री दव पडते, त्यामुळे संध्याकाळी ती न चुकता आत घ्यावी. बुरशी लागते ती बहुतेक वेळा याच आळसातून. हलवल्यावर आत बी खुळखुळले आणि देठ कट्कन मोडला की मिरची वाळली असे समजावे. उजेडात रंग उडतो, म्हणून ती देठासकट घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि लागेल तसे कांडून आणावे.

प्रश्न : मुलाचे लग्न झाले. सूनबाई कोकणातल्या आहेत आणि आमच्याकडचा रस्सा त्यांना अजिबात सोसत नाही, डोळ्यांतून पाणी येते. त्यांना आवडते आहे असे त्या म्हणतात, पण मला वाईट वाटते. सवय कशी लावावी? (चाळीसगाव)

आपल्याला वाईट वाटते ही फार चांगली गोष्ट आहे. पुष्कळ घरांत अशा वेळी हसण्यावारी नेतात. तिखट लागणे ही चव नसून एक प्रकारची वेदना आहे. आपल्या जिभेवर आणि त्वचेत उष्णता ओळखणारे एक ग्राहक (रिसेप्टर) असते, जे साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने जागे होते, आणि कॅप्सेसिन नेमके त्यालाच जागे करते, त्यामुळे तोंड खरोखर भाजल्यासारखे वाटते. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे ग्राहक शोधले आणि या संशोधनासाठी २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. थोड्या थोड्या प्रमाणात नियमित तिखट खाल्ल्याने हे ग्राहक काहीसे बोथट होते, म्हणून सवय लागते. परंतु ती महिन्यांच्या हिशेबाने लागते, चार जेवणांत नाही. प्रत्येकाची मूळ संवेदनाही वेगळी असते.

सुरुवात रश्श्यापासून करू नये, कारण रश्श्याच्या तवंगात तिखट विरघळलेले असते आणि ते तोंडभर पसरते. भरितापासून करावी. जळगावच्या पांढरट-हिरव्या वांग्याचे भरीत, भाजून ठेचलेल्या पोपटी मिरच्या, कांद्याची पात आणि शेंगदाणे यांत तिखटाला इतके सोबती असतात की ते अंगावर येत नाही. मग तुरीची डाळ आणि आंबट चुका घालून घोटलेली मिरचीची भाजी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर द्यावी, तीत मिरच्या चिरून मधला पांढरा गर काढून टाकावा. शेवभाजी त्यानंतर, आणि तीही वरचा तवंग बाजूला सारून. तोंड भाजले तर पाणी देऊ नये, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध, दही किंवा तुपाचा घास द्यावा. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढते.

एक गोष्ट मी मनापासून सांगतो. काळ्या मसाल्यात मिरचीइतकेच खोबरे, कांदा, धणे, लवंग आणि दगडफूल महत्त्वाचे आहे, आणि ज्या रश्श्यात भाजलेल्या खोबऱ्याची चव लागतच नाही, फक्त घसा जळतो, तो रस्सा नीट झालेला नाही. सूनबाईंसाठी मिरची निम्मी करून मसाला तसाच ठेवला तर घरातल्या इतरांनाही तो रस्सा आवडेल, याची मला खात्री वाटते.

प्रश्न : तिखटाने पोटात अल्सर होतो का? (चोपडा)

बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घ वापराने होतात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ मध्ये नोबेल मिळाले. मात्र ज्यांना आधीच अल्सर, छातीत जळजळ किंवा गुदमार्गाचे विकार आहेत त्यांचा त्रास तिखटाने वाढतो, म्हणून त्यांनी ते कमी करावे आणि दुखणे अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : पिकलेल्या लाल मिरच्या बुलबुल खाऊन जातात. त्यांना तिखट लागत नाही का? आणि बियाण्यासाठी मिरची कशी राखावी? (अमळनेर)

पक्ष्यांना तिखट लागत नाही. त्यांच्याकडील उष्णतेचे ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. उंदरासारखा सस्तन प्राणी बी दातांनी चावून नष्ट करतो, तर पक्षी ते अख्खे गिळून दूरवर टाकतो, आणि रानमिरचीच्या दृष्टीने पक्ष्यानेच फळ खावे हे हिताचे असते. त्यामुळे बुलबुलावर रागावू नये. बियाण्यासाठी राखलेल्या फांदीवर तेवढी जाळीची पिशवी बांधावी.

ही पिशवी फूल उमलण्याच्या आधीच बांधली तर दुहेरी काम होते, कारण मिरची बहुतांशी स्वतःच फळ धरत असली तरी मधमाश्या दुसऱ्या वाणाचे परागकण आणू शकतात. सकाळी फांदी हलकेच हलवावी, फळ धरल्यावर देठाला दोरा बांधून खूण करावी आणि पिशवी पक्ष्यांसाठी तशीच राहू द्यावी. बी नेहमी सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे, निरोगी झाडाचे आणि झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतू लागलेल्या मिरचीचे घ्यावे. संकरित वाणाचे बी राखू नये, त्याची पुढची पिढी आईसारखी निघत नाही. बी सावलीत आठवडाभर वाळवून, कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून कोरड्या डब्यात ठेवावे. ते दोन वर्षे तरी चांगले उगवते. बी काढताना हातमोजे घालावेत, आणि तरीही हाताची आग झालीच तर आधी खाद्यतेल चोळून मग साबणाने हात धुवावेत, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.